हाकेच्या उत्तराची वाट : घरमालक, भाडेकरू आणि मधला उंबरठा

पर्वरीतील एका दुमजली घराचा वरचा मजला आम्ही सात वर्षे भाड्याने घेतला होता आणि खालच्या मजल्यावर घरमालकांचे कुटुंब राहत असे. माणसे मनाने फार चांगली होती; माझ्या बाळंतपणानंतर दोन महिने काकू रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज वर पाठवत असत, हे मी कधीही विसरणार नाही. गच्चीचा जिना मात्र आमच्या घरातून जात होता आणि पाण्याची टाकी गच्चीवर होती. एका दुपारी मी मुलीला पाजत बसलेली असताना दाराच्या कुलपात किल्ली फिरली आणि काका आत आले. त्यांनी जिन्यातून हाक मारली होती, हे खरे आहे. मुलीचा डोळा नुकताच लागत होता, म्हणून मी उत्तर दिले नव्हते, आणि उत्तर आले नाही म्हणजे घरात कोणी नाही, असे त्यांनी धरून चालले. दोघांनाही इतका संकोच झाला की त्या विषयावर आम्ही पुढे कधीच बोललो नाही. घर सोडताना काकूंच्या डोळ्यांत पाणी होते, माझ्याही होते. तरी ती दुपार मी सोबत घेऊनच तेथून निघाले.

हाक मारणे ही एक गोष्ट आहे आणि हाकेच्या उत्तराची वाट पाहणे ही दुसरी. गोव्यात घर भाड्याने देणारा बहुधा त्याच अंगणात राहतो; विहीर एक, तुळस एक, फाटक एक. या जवळिकीत उंबरठा नेमका कोठे येतो, याविषयी आपण फार कमी बोलतो. म्हणून भाडेकरूंनी लिहावे आणि घरमालकांनीही अवश्य लिहावे, अशी विनंती आहे. कोणाचे किंवा इमारतीचे नाव नको. गाव पुरेसे आहे. आलेले काही अनुभव पुढे देत आहे.

परिचारिका, बांबोळी

मी रुग्णालयात रात्रपाळी करते आणि सकाळी नऊच्या सुमारास घरी येऊन झोपते. पाण्याचा कॉक माझ्या स्वयंपाकघरात असल्यामुळे घरमालकीणबाईंकडे दुसरी किल्ली होती, आणि पाणी येण्याची वेळ झाली की त्या आत येऊन कॉक फिरवत असत. सुरुवातीला मला त्याचे काही वाटले नाही. पुढे मात्र मी कामावरून परतले की भांडी वेगळ्या फळीवर लावलेली दिसू लागली, दोरीवरचे माझे आतले कपडेसुद्धा घडी करून पलंगावर ठेवलेले असत, आणि मासळी दोन दिवस फ्रीजमध्ये का पडून आहे, अशी विचारणा होऊ लागली. त्यात दुष्टपणा काडीचाही नव्हता. पण स्वतःच्या खोलीत पाऊल टाकताना आज काय हललेले असेल, याचा अंदाज घेत उभे राहण्याची सवय मला लागली, आणि दिवसाची झोप उडाली.

शेवटी मी त्यांना म्हटले, ‘काकू, तुम्ही मला आईसारख्या आहात; पण मी घरी नसताना आईनेसुद्धा माझे कपाट उघडलेले मला आवडत नाही.’ त्या दुखावल्या आणि जवळजवळ तीन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दिवस मला फार जड गेले. त्यानंतर त्यांनीच प्लंबरला बोलावले आणि कॉक बाहेरच्या भिंतीवर काढून घेतला. खर्च आम्ही निम्मा निम्मा केला. किल्ली त्यांच्याकडे आजही आहे, कारण मला एकटीला ताप आला तर दार उघडणारे कोणी तरी असावे असे मला वाटते. फक्त ती आता एका पाकिटात बंद असते आणि पाकिटावर माझी सही असते.

विद्यार्थिनी, ताळगाव

माझा प्रश्न दाराचा नसून कागदपत्रांचा आहे. पोलीस ठाण्यात भाडेकरूंच्या पडताळणीचा अर्ज भरावा लागतो, त्यात गैर काही नाही, आणि आम्ही तिघींनी आधार कार्डांच्या प्रती घरमालकांना दिल्या. काही दिवसांनी इमारतीतील रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटावर त्या प्रती छायाचित्रे आणि दूरध्वनी क्रमांकांसह जशाच्या तशा फिरल्या, कारण ‘नवीन मुली कोण आहेत हे सर्वांना ठाऊक असावे’, असे त्यांना वाटले. त्यानंतर अनोळखी क्रमांकांवरून आम्हांला संदेश येऊ लागले. आधारची अशी प्रत अधिकृतपणे मिळते की जिच्यावर क्रमांकाचे शेवटचे चार अंकच दिसतात, हे आम्हांला नंतर कळले. आता मी कोणालाही प्रत देताना तिच्यावर तारीख आणि कारण शाईने आडवे लिहून देते.

घरमालक, फोंडा

मी एकाहत्तर वर्षांचा आहे आणि वरच्या अनुभवांतील काकांच्या व काकूंच्या जागी मी स्वतःला पाहिले, म्हणून लिहीत आहे.

आमचे घर चिऱ्यांचे, कौलारू आहे. मध्ये राजांगण आहे आणि त्याच्या पूर्वेकडच्या तीन खोल्या आम्ही भाड्याने देतो. मुलगे परदेशी गेल्यानंतर त्या रिकाम्या खोल्यांत दिवा लागावा, ही पत्नीची इच्छा होती, आणि भाड्याचा आधारही हवा होता. परंतु भाडेकरू ठेवायचा म्हटले की माझ्या छातीत धडधड होत असे आणि तिचे कारण माझ्या पिढीच्या अनुभवात आहे. १९६८ चा इमारत भाडे नियंत्रण कायदा आला, १९७५ साली मुंडकारांना, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवरील घरात राहणाऱ्यांना, घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला. अनेक गरीब कुटुंबांना त्यामुळे डोक्यावर हक्काचे छप्पर मिळाले आणि ते न्याय्यच झाले, असे मी मानतो. पण आमच्यासारख्या लहान घरमालकांच्या घरांत एकच वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येत राहिले, ‘एकदा आत घेतले की बाहेर निघत नाहीत.’ माझे वडील भाडेकरूच्या खोलीवर रोज एक फेरी मारत आणि म्हणत की, आपला पाय तेथे पडत राहिला पाहिजे, म्हणजे घर आपले आहे हे त्यांच्या ध्यानात राहते.

मीही तेच केले. भाडेकरू गावाला गेले की मी खोल्या उघडून बघत असे. भिंतीला खिळा मारला आहे का, ओल आली आहे का, कोणी जास्तीचे राहते आहे का, हे मी पाहत असे आणि आपण आपली मालमत्ता सांभाळत आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. एका खेपेस टेबलावर एक वैद्यकीय अहवाल उघडा पडला होता आणि मी तो वाचला. त्या तरुण जोडप्याने स्वतःच्या आईवडिलांनाही न सांगितलेली गोष्ट मला कळली. पुढचे आठ महिने ती दोघे मला राजांगणात भेटत आणि ‘काका, बरे आहात ना?’ असे विचारत, तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांकडे पाहणे कठीण जात असे. मी हे त्यांना कधीही सांगितले नाही, आणि ती घर सोडून गेल्यानंतर माफी मागण्याची वेळही निघून गेली.

तेव्हापासून मी बंद खोली उघडलेली नाही. पावसाळ्याआधी कौले परतायची असतात, त्यासाठी आत जावे लागते. तो दिवस मी मे महिन्याच्या सुरुवातीलाच भाडेकरूंना विचारून ठरवतो आणि ती मंडळी घरी असतानाच माणसे बोलावतो. वडिलांची भीती मला समजते. मात्र त्या भीतीवर करारनाम्याचा कागद हाच उपाय आहे, दुसऱ्याच्या खोलीत घातलेली फेरी नव्हे, हे कळायला मला फार वर्षे लागली.

नोकरदार, मडगाव

मजल्यावरच्या सामायिक वाटेत घरमालकांनी कॅमेरा बसवला आणि चोऱ्यांच्या भीतीने तो बसवला, हेही मला मान्य होते. परंतु त्याचा रोख थेट आमच्या दारावर होता आणि दार उघडले की दिवाणखाना पलंगापर्यंत दिसत असे. मी त्यांना आमच्या घरी बोलावले आणि त्यांच्याच मोबाइलवर ते चित्र दाखवले. त्याच संध्याकाळी कॅमेऱ्याचे तोंड जिन्याकडे वळले. प्रत्येकाला असा समजूतदार माणूस मिळेलच असे नाही, याची मला जाणीव आहे.

वकील, म्हापसा

येथे काही गोष्टी स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. मुंडकार आणि भाडेकरू हे कायद्याच्या दृष्टीने वेगळे आहेत आणि एकाच्या भीतीपोटी दुसऱ्यावर पाळत ठेवण्याला आधार नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार, भाडे भरणाऱ्या आणि अटी पाळणाऱ्या भाडेकरूला ठरलेल्या मुदतीत व्यत्ययाविना जागा वापरता आली पाहिजे. त्याच कलमात घरमालकाला वाजवी वेळी जागेची स्थिती पाहण्यासाठी येऊ देण्याचे बंधन भाडेकरूवर घातलेले आहे. म्हणजे पाहणीचा हक्क खरा आहे, परंतु ‘वाजवी वेळ’ म्हणजे कोणती, हे करारात लिहिले नाही तर प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो.

आपल्याकडे बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. आणि पुष्कळ करार ‘परवाना’ या स्वरूपात केले जातात, ज्यात राहणाऱ्याचे हक्क भाडेपट्ट्यापेक्षा कमी असतात. सही करण्यापूर्वी शीर्षकाइतकाच आतला मजकूरही वाचावा. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरमालकाने आत येण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना द्यावी, असे म्हटले आहे आणि आपत्तीच्या प्रसंगांना त्यातून वगळले आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो बंधनकारक होत नाही. पण ते वाक्य आपल्या करारात घालण्यापासून कोणी अडवलेले नाही आणि मी माझ्या दोन्हीकडच्या पक्षकारांना तसाच सल्ला देते.

कॅमेऱ्याविषयी एक गोष्ट निक्षून सांगते. बाहेरच्या वाटेतील कॅमेऱ्याचा रोख हा चर्चेने सुटणारा प्रश्न आहे. न्हाणीघरात किंवा झोपण्याच्या खोलीत लपवलेला कॅमेरा सापडला, तर मात्र घरमालकाशी चर्चा करत बसू नये. स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे किंवा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. वस्तूला हात न लावता छायाचित्र घ्यावे आणि थेट पोलीस ठाणे गाठावे.

भाडेकरू, मांद्रे

किनारपट्टीवर सीझन जवळ आला की आमच्यासारख्यांचे घर हे घर राहत नाही. ऑक्टोबरात आम्हांला खोली सोडायची होती, हे ठरलेलेच होते. तरीही गणपतीनंतरच घरमालक पाहुण्यांना खोली दाखवायला घेऊन येऊ लागले. एकदा माझी सासू जेवत असताना चार अनोळखी माणसे तिच्या ताटाभोवतीने फिरून गेली आणि त्यांतील एकाने मोबाइलवर खोलीची चित्रफीत घेतली. तिने हातातला घास ताटात परत ठेवला. त्याविषयी मला अधिक लिहिवत नाही.

भाडेकरू, डिचोली तालुका

आमचा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे. ज्या जुन्या घरात आम्ही राहतो त्याचे मालक मुंबईला असतात आणि घर देताना त्यांनी एकच अट घातली होती की, देवखोली बंद राहील आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे कुटुंब तेथे जमेल. देवखोलीची वाट आमच्या बैठकीतून आहे. पहिल्या वर्षी मी मनातून धास्तावले होते. वीस-पंचवीस माणसे पाच दिवस आपल्या घरातून ये-जा करणार, आपली मुले कोठे झोपणार, आपले सामान कोणाकोणाच्या नजरेस पडणार, असे विचार मला छळत होते.

चवथीच्या महिनाभर आधी मालकीणबाईंचा फोन आला. कोणत्या दिवशी किती माणसे येतील, गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला कोण आणि किती वाजता येईल, आमच्या कोणत्या दोन खोल्यांना ती मंडळी हात लावणार नाहीत, हे सर्व त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितले आणि शेवटी विचारले, ‘तुला यातले काय अडचणीचे वाटते?’ त्या घराची सून म्हणून त्यांनी तेथे चाळीस चवथी केलेल्या, आणि त्या मला विचारत होत्या. रात्री दहानंतर बैठकीतून कोणी जाऊ नये, एवढेच मी सांगितले, कारण माझ्या मुलाची झोप फार सावध आहे. त्यांनी ते आपल्या सर्व माणसांना सांगितले आणि ते पाळले गेले.

यंदा आमचे चौथे वर्ष होते. विसर्जनाच्या रात्री मंडळी तळीवरून परतली तेव्हा दहा वाजून गेले होते. मालकीणबाईंचे वडीलधारे दीर, ज्यांचा जन्मच या घरातला, बल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, बाकावर बसून राहिले होते. मी दार उघडून त्यांना आत बोलावले. ते म्हणाले, ‘दहा वाजले होते बाय, म्हणून थांबलो.’ त्यांच्या मांडीवर नारळ आणि निर्माल्याची पिशवी होती. मी दिवा लावला, ते हलक्या पावलांनी बैठकीतून देवखोलीत गेले, आणि परतताना माझा मुलगा झोपलेला पाहून त्यांनी चपला हातात घेतल्या.