चर्चा: प्रत्येक तासाची शेवटची पाच मिनिटं मुलांच्या वहीला द्यावीत का?

गणितबाई_वसई
आमची शाळा वसईतली, चर्चच्या आवारातली, मराठी माध्यमाची. दोन वर्षांपूर्वी ठरलं, की तास गणिताचा असो, इतिहासाचा असो की चित्रकलेचा, शेवटची पाच मिनिटं शिकवणं थांबवायचं. मुलांनी एका पातळ वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: आज काय कळलं आणि कुठे अडलं. याचं मूळ जुनं आहे. संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात साधकांना दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, मनाचा झाडा घ्यायला सांगितलं होतं. पुढे १९९३ साली जेझुइटांनी, म्हणजे त्यांनीच स्थापन केलेल्या धर्मसंघाने, शिक्षकांसाठी संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती, मूल्यमापन अशी पाच पावलं मांडली. आमची वही त्यातलं चिंतनाचं पाऊल.

गेल्या वर्षी आठवीला ‘चलन’ शिकवत होते. मजूर वाढले की दिवस कमी, हे व्यस्त चलन. वर्गाने उदाहरणं बरोबर सोडवली, मी समाधानाने खडू ठेवला. संध्याकाळी वह्या चाळताना एका मुलीचं वाक्य दिसलं: ‘व्यस्त चलन म्हणजे बिझी पैसे का? मजुरांचा त्यात काय संबंध?’ चौदा वर्षं हा धडा शिकवतेय. व्यस्त म्हणजे उलट, हे मुलांना ठाऊक असणार असं मी धरूनच चालले होते. तिला गणित येत होतं, पण शब्द तिच्यासाठी बंद होता. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं तर निम्म्याहून जास्त हात वर.

मग शिक्षकखोलीतल्या फळ्यावर आम्ही असे शब्द लिहायला लागलो. चलन गणितात वेगळं, अर्थशास्त्रात वेगळं. विज्ञानात ‘कार्य’ शिकवताना हमाल डोक्यावर ओझं घेऊन नुसता उभा राहिला तर त्याने ओझ्यावर केलेलं कार्य शून्य, आणि मूल विचारतं, ‘तो घामाघूम झाला तरी?’ वहीशिवाय हा प्रश्न आमच्यापर्यंत पोचलाच नसता. माझं ठाम मत आहे, ही पाच मिनिटं प्रत्येक विषयात हवीत. विरोधी मतंही मांडा, मला ऐकायची आहेत.

दहावीचे_सर
बाई, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मी विरोधात आहे. तास पस्तीस मिनिटांचा. हजेरी आणि वर्ग शांत होईपर्यंत पाच मिनिटं जातात, शेवटची पाच तुम्ही काढून घेता. दिवसाला आठ तास धरले तर चाळीस मिनिटं, म्हणजे रोज एक अख्खा तास गेला. बीजगणिताचा ४० गुणांचा पेपर, भूमितीचा ४० चा. एक प्रमेय फळ्यावर मांडून मुलांकडून परत मांडून घ्यायला मला सलग वेळ लागतो.

आणि वारसा सांगायचा तर पूर्ण सांगा. जेझुइटांच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेत उजळणीला केवढं स्थान आहे! आज शिकवलेलं उद्या म्हणून घ्यायचं आणि शनिवारी अख्ख्या आठवड्याचं. ‘मला कळलं’ असं लिहिणारं मूल आणि खरंच कळलेलं मूल यात फरक असतो. वही मिटून पक्षापासून साध्यापर्यंत सिद्धता लिहायला लावा, कुठे अडलं ते लगेच दिसतं.

गणितबाई_वसई
सर, उजळणी मीही घेते आणि ती सोडणार नाही. पण सिद्धता अडली की कुठे अडली ते दिसतं, का अडली ते मूलच सांगू शकतं. साठ वह्या मी रोज वाचत नाही, रोज एक रांग. आठवड्यात वर्ग पुरा होतो.

पालक_नालासोपारा
माझा मुलगा अशाच एका शाळेत आहे. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात तेव्हा तो मूल्यशिक्षणाला बसतो आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण संतांची साधना प्रत्येक तासाला आणायची म्हटलं की प्रश्न पडतो. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, संविधानाच्या कलम २८ मध्ये ते स्पष्ट आहे. सीमा कुठे आखणार?

विज्ञान_शिकवते
दादा, मी वारकरी घरातली, एकोणीस वर्षं चर्चच्या शाळेत शिकवतेय. ‘अपवर्तन कळलं का’ या प्रश्नात देव कुठे येत नाही. पण तुमची भीती मी उडवून लावणार नाही. आमच्याकडे काही वर्गांत तिसरा प्रश्न घातला होता, ‘आज कुणाशी कसं वागलो?’ मुलं घरातली भांडणं लिहायला लागली. ते वाचायचा अधिकार मला कुणी दिला? आम्ही तो प्रश्न काढून टाकला. वही विषयापुरतीच राहावी.

माजी_विद्यार्थी
मी याच मुद्द्यावर थांबतो. आमच्या शाळेतही अशी वही होती. सातवीत मी लिहिलं, ‘ऋण संख्येतून ऋण संख्या वजा केली की वाढते कशी, कळत नाही.’ शिक्षकांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर प्रत्येक पानावर मी एकच लिहिलं, ‘सर्व समजले.’ ते गणित मला आजही मनात कच्चं वाटतं. शिक्षकाचं वागणं बदललं नाही तर मुलाला ही वही फक्त लपायला शिकवते.

गणितबाई_वसई
वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे नाव न घेता प्रश्न फळ्यावर लिहिण्याचा नियम आहे, पण वह्या वाटताना मुलं अक्षरावरून एकमेकांना ओळखतात, त्यामुळे ते कामही आता मी स्वतः करणार.

पाड्यावरची_शाळा
मी पालघरकडे पाचवी-सहावीला शिकवते. आमच्या मुलांची घरची बोली वारली. अडलंय ते मराठीत लिहिता येत नाही हीच त्यांची अडचण, आणि तुम्ही तेच लिहायला सांगता! त्या पाच मिनिटांत हुशार मुलं पान भरतात, बाकीची पेन्सिल चावत बसतात. मी बोलू देते, चित्र काढू देते, शेजाऱ्याला वारलीत सांगू देते. वसईतही घराघरांत सामवेदी आणि वाडवळी बोलतात, तिथे वेगळं काय असणार?

तुम्ही वारसा काढलाच आहे म्हणून सांगते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट, १५७९ ला गोव्यात आले. त्यांनी लोकांची भाषा आत्मसात केली आणि १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा सांगणारं ‘क्रिस्तपुराण’ ओव्यांत दिलं, कारण लोकांच्या कानाला ओवी ओळखीची होती. शिकवणारा शिकणाऱ्याच्या भाषेपर्यंत चालत गेला. वहीत सामवेदी चालेल का, बाई?

गणितबाई_वसई
चालेल. हे मला आधी सुचायला हवं होतं. सोमवारी सहावीत सांगते, घरी बोलता तसं लिहा. मला वाडवळी नीट कळत नाही, तेव्हा तेवढ्यापुरती मुलंच मला शिकवतील.

दहावीचे_सर
नवव्या इयत्तेपर्यंत करा, मी आडवा येणार नाही. दहावीला जूननंतर माझ्या तासाची पाच मिनिटं मी देणार नाही. पण तुमच्या फळ्यावरची शब्दांची यादी मला पाठवा. ‘व्यस्त’ माझ्या वर्गात उद्याच विचारून बघतो.