प्रति: शाळेतल्या तासात तबला येतो का?

आठवड्याला एक तास, वर्गभर मुलं आणि तबल्याचे दोनच जोड, यात मुलगा काय शिकणार, असं तुम्ही विचारलंय. हात बसणार नाही, हे खरंच. चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) 'ना' आणि लवेवरचा (कड आणि मधली काळी शाई यांच्यामधल्या भागावरचा) 'तिं' हे बोल वेगळे ऐकू यायला रोजचा रियाज लागतो.

पण पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, शाळेत झकास होते. त्रिताल या तालाच्या १६ मात्रा (ठोके) तोंडाने म्हणत १, ५, १३ ला टाळी आणि ९ ला खाली (टाळी न वाजवता हात नुसता बाजूला नेणं) द्यायला जोड लागतोच कशाला? नवव्या मात्रेला निम्मा वर्ग हमखास टाळी वाजवतो आणि हशा पिकतो. खाली अंगवळणी पडली की दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, बोलायला लावा. लय पक्की होते ती तिथेच.

दहावीच्या वाढीव गुणांसाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायच्या असतील (बहुतेक पालकांचा जीव त्यातच अडकलेला असतो!) तर मात्र शाळेच्या तासावर विसंबू नका, वेगळा क्लास लावा.

घरी जोड घेणार असाल तर पावसाळ्यात पुडी (तबल्याचं वरचं कातडं) दमट होऊन स्वर उतरतो, तेवढं सांभाळा. स्वर जुळवायला गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) हातोडीने ठोकायचं काम सुरुवातीला सरांकडूनच करून घ्या.