आईला मेंदूत रक्तस्राव : रक्त थांबलं, मग सूज का वाढतेय? मदत हवी आहे

मंडळी, आयसीयूबाहेरच्या बाकावरून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आई, वय ६४, बीपीची जुनी पेशंट. "आता बरं वाटतंय" म्हणून दिवाळीपासून गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. मागच्या मंगळवारी पहाटे कोपरखैरण्याच्या घरी ओट्यापाशीच कोसळली. उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. सीटीत डाव्या बाजूला खोलवर, बेसल गँगलियात (मेंदूच्या आतल्या गाभ्यात), साधारण २० मिली रक्त. न्यूरोसर्जन म्हणाले, ऑपरेशन नको, औषधांवर ठेवू. दुसऱ्या दिवशीच्या सीटीत गुठळी तेवढीच होती, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

चौथ्या दिवशी तिने मला ओळखलं. शब्द मात्र एकच, "चहा". चादर हवी, चहा. बाबा कुठे, चहा. स्वतःच हसत होती. सहाव्या दिवसापासून परत गुंगी. हाक मारली की कपाळाला आठी पडते, तेवढंच. डाव्या हाताने नाकातली नळी ओढते म्हणून मिटन (बोटं झाकणारे जाड हातमोजे) बांधलेत, ते बघवत नाही. परत सीटी केला. रक्त वाढलेलं नाही, भोवतीची सूज वाढलीय. सूज उतरवायचं मॅनिटॉल चालू आहे. काल ताप १०१, सीआरपी (रक्तातली दाह-इन्फेक्शनची खूण) वाढलेला.

राऊंड दोन मिनिटांचा. "सूज आहे, वेळ लागेल," की पुढची खाट. रक्तच थांबलंय तर सूज कशाने वाढते, आणि किती दिवस? मामेभाऊ म्हणतो कोविडमध्ये स्टिरॉइड दिलं तसं का देत नाहीत. मावशी नळीतून हळदीचं दूध द्यायला निघालीय. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

नेरूळची_नर्स :
ताई, साचलेलं रक्त तिथेच फुटत जातं. लाल पेशींतलं हिमोग्लोबिन, मग त्यातलं लोह मोकळं होतं, ते आजूबाजूच्या पेशींना जाचतं. ते साफ करायला शरीराच्या संरक्षक पेशी येतात. या सफाईवाल्या साफही करतात आणि धसमुसळेपणाने आसपासचं थोडं नासवतातही. म्हणून गुठळी तेवढीच राहून सूज वाढते. बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ती सर्वांत जास्त असते, मग हळूहळू उतरते. तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत आहात.

स्टिरॉइड या आजारात वापरून पाहिलंय. फायदा दिसला नाही, उलट इन्फेक्शन आणि साखर वाढते, म्हणून सरसकट देत नाहीत. कोविडची गोष्ट वेगळी.

पण सगळं सुजेच्या माथी मारू नका. ताप आणि सीआरपी म्हणजे छातीत किंवा लघवीत इन्फेक्शन आहे का, हे बघायला हवं. गिळता न येणाऱ्यांना न्यूमोनिया पटकन होतो. सोडियम कमी झालं तरी गुंगी येते. हातपाय न झटकताही आत फिट चालू असू शकते, ती ईईजीत (मेंदूच्या विद्युतलहरींच्या तपासणीत) कळते. हे तीन प्रश्न थेट विचारा. दुधाचं म्हणाल तर नळी तुंबेल, वर तोंडाने एक चमचासुद्धा नको. आधी गिळण्याची तपासणी.

वाशीचा_फिजिओ :
वरच्या ताईंना अनुमोदन. एक भर : उजवा हात उचलताना बगलेत धरून ओढू नका, खांदा निखळतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. खाली उशी द्या. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत जास्त दिसते, पुढेही चालू राहते. सुरुवातीला एवढी वाईट दिसणारी रक्तस्रावाची माणसं मागाहून चांगली उठलेली मी पाहिलीत, कारण दाबाखाली गप्प झालेला भाग सूज उतरल्यावर परत काम धरतो. आईचं किती परत येईल हे मात्र आज कुणीच सांगू शकणार नाही. "चहा"वर अडकलेलं बोलणं हा स्पीच थेरपिस्टचा विषय, शुद्ध आली की लगेच बोलवा.

धागाकर्ती :
दोघांचे आभार. प्रश्न वहीत उतरवलेत. आत्ताच सिस्टरना विचारलं, छातीचा एक्सरे तीन दिवसांपूर्वीचा आहे, आज परत काढायला सांगतेय. सोडियमचा रिपोर्ट फाइलमध्ये सापडला, १२९. हा कमीच ना? बीपी पुढे किती ठेवायचं असतं तेही सांगा.

नेरूळची_नर्स :
हो, कमी आहे. १३५ तरी हवं. डॉक्टरांना आत्ताच दाखवा, राऊंडची वाट बघू नका. बीपी घरी आल्यावर १३०/८० च्या खाली, आणि गोळी कधीच आपल्या मनाने बंद नाही.

धागाकर्ती :
गेले दाखवायला. मावशीला हळदीचं तुम्हीच कुणीतरी सांगा हो, माझं ऐकत नाही.