दुचाकीवरून जाताना पावले उन्हाने भाजतात : उपाय सुचवावा

धागाकर्ती :
नमस्कार. मी रोज सकाळी दहाच्या सुमारास हडपसरहून शिवाजीनगरला दुचाकीने जाते आणि दुपारी दोन-अडीचला परतते. सनकोट, स्कार्फ, हातमोजे असा सगळा पुणेरी जामानिमा असतो, मात्र पायांत चपला असल्यामुळे पावले उघडीच राहतात. दरवर्षी पट्ट्यांखालची कातडी तेवढी उजळ राहून बाकीची काळवंडते. यंदा ती संध्याकाळी लाल होऊन हुळहुळतेही आहे. पायांना घाम फार येत असल्याने बूट नको वाटतात. काय करावे?

पहिला प्रतिसाद :
यात सूर्याच्या कोनाचा मोठा वाटा आहे. पुण्यात १३ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि त्याच्या आगेमागे कित्येक आठवडे तो जवळपास तिथेच असतो. अशा वेळी गालांवर किरण तिरपे पडतात, पण स्कूटरवर आडवे टेकलेले पाऊल आभाळाकडे तोंड करून असते. शिवाय त्वचा भाजते ती अतिनील किरणांमुळे, हवेच्या तापमानामुळे नव्हे. त्यामुळे वारा गार लागतो किंवा वळवाचे ढग आले आहेत म्हणून निर्धास्त राहू नये.

माझ्या मते आधी कापड आणि मग क्रीम. अंगठा वेगळा असलेले मोजे चपलेतही घालता येतात. ते गडद रंगाचे आणि घट्ट विणीचे घ्यावेत. घेण्यापूर्वी मोजा ताणून उजेडासमोर धरावा. आरपार दिसत असेल, तर तो या कामाचा नाही. त्वचेच्या रंगाचे पातळ नायलॉनचे मोजे बहुधा इथेच नापास होतात.

मोजे नकोच असतील, तर एसपीएफ (उन्हाने भाजण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा) ३० किंवा त्याहून अधिक असलेले ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी हे दोन्ही प्रकारचे अतिनील किरण अडवणारे) सनस्क्रीन निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे सढळ हाताने लावावे. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे मुख्यतः त्वचा भाजणारे किरण अडवते आणि ५० सुमारे ९८ टक्के, तेव्हा मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. सकाळचा थर दुपारपर्यंत टिकत नाही. परतताना पुन्हा लावावाच लागतो, आणि नेमके तेच राहून जाते.

दुसरा प्रतिसाद :
वरील सल्ल्याशी सहमत आहे. फक्त घामाने भिजलेले सुती कापड किरण अधिक आत सोडते, म्हणून परतीसाठी कोरडा जोड डिकीत ठेवावा. मोजडी किंवा बेली हा पर्याय नव्हे, कारण त्यांत बोटे झाकली तरी पावलाचा वरचा भाग उघडाच राहतो.

धागाकर्ती :
आभारी आहे. आत्ता जिथे लाल झाले आहे, तिथे काय लावावे? तसेच सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्या दुपारी देवळाच्या आवारात अनवाणी चालतात. त्यांनाही सनस्क्रीन लावू का?

पहिला प्रतिसाद :
लाल जागेवर साध्या गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि नंतर कोरफडीचा गर किंवा साधे मॉइश्चरायझर लावावे. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये; लिंबू तर मुळीच नको, कारण लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की फोड आणि काळे डाग येऊ शकतात. फोड आल्यास ते न फोडता डॉक्टरांना दाखवावेत.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा आहे. तिथे तापलेल्या फरशीने तळवे पोळतात आणि त्यावर सनस्क्रीनचा काही उपयोग नाही. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असल्यास चटका बसल्याचे कळतही नाही. त्यांनी दर्शनाला सकाळी लवकर जावे, आवारात जाड सुती मोजे घालावेत, आणि घरी आल्यावर कोणीतरी त्यांचे तळवे उजेडात नीट पाहावेत.