मदत हवी आहे: द्रासचं हवामान कोणत्या गटात धरायचं?

नमस्कार मंडळी, ठाण्याहून लिहितेय. अकरावीतल्या लेकीने भूगोलाच्या प्रकल्पाला लडाखमधलं लेह आणि द्रास घेतलंय. कोपेनच्या वर्गीकरणात (तापमान-पावसावरून हवामानाचे गट पाडायची पद्धत) सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी १० अंशांखाली असेल तरच टुंड्रा, म्हणजे झाडं न वाढणारं अतिथंड हवामान. लेह ३,५०० मीटरवर, तरी जुलैत सरासरी १० अंशांच्या बरीच वर. पाऊस वर्षाला जेमतेम १०० मिलीमीटर, म्हणून थंड वाळवंट. (आपल्याकडे तेवढा कधीकधी एका दिवसात कोसळतो!) इथवर पटलं.

अडलंय ते द्रासपाशी. हिवाळ्यात बर्फ भरपूर, उन्हाळा कोरडा. एका नकाशात ते 'डी' गटात (कडक हिवाळ्याचं हवामान), दुसऱ्यात सरसकट 'उच्च पर्वतीय'. तक्त्यावर तेवढाच चौकोन पेन्सिलीने आखून कोरा ठेवलाय तिने.

द्रासच्या तापमान-पावसाची महिनावार सरासरी कुठे मिळेल? भूगोल शिकवणारं किंवा तिकडे नोकरी केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा, सोमवारी प्रकल्प द्यायचाय.