सोमाली कविता: आधी कॅसेट वाचवायच्या की कविता म्हणणारे?

जुनी_फीत
१९८८ साली सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे याच्या विमानांनी देशाच्या उत्तरेकडचं हरगेसा शहर बेचिराख केलं. ती विमानं हरगेसाच्याच विमानतळावरून उडत होती! त्या धुमश्चक्रीत रेडिओ हरगेसाच्या टेप लोकांनी जमिनीत पुरून वाचवल्या. आज तिथल्या सांस्कृतिक केंद्रात कविता-गाण्यांच्या हजारो कॅसेट जमा आहेत. पण फीत कितीही जपा, ती चिकटते, ताणली जाते, आवाज खरखरायला लागतो. माझं मत साधं आहे: कविता जपायला पैसा तुटपुंजा आहे, तर आधी डिजिटायझेशन. पुस्तकजत्रा, संमेलनं मागाहून.

आणि कॅसेट म्हणजे नुसती साठवणीची डबी नव्हे. सोमाली कवितेत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच अक्षराचा अनुप्रास पाळावा लागतो. १९७९ मध्ये गारिये या कवीने टोळीवादावर 'द'ची कविता रचली आणि इतर कवींनी 'द'मध्येच जबाब दिले. डोक्यावर हुकूमशहा, छापणार कोण? कॅसेटची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, असं हे भांडण देशभर फिरलं. या मालिकेचं हस्तलिखित शोधत बसाल तर चुकाल. तिचं मूळ रूपच फितीवरचा आवाज आहे.

ओसरी
साफ असहमत. सोमालीला अधिकृत लिपी मिळाली १९७२ मध्ये. त्याआधीचं कुणी टिकवलं? सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन इंग्रजांशी वीस वर्षं लढला, त्याच्या कविता लोकांनी पाठ करून पुढे दिल्या. म्हणणारा आधी कवीचं नाव सांगतो, मग शब्द न बदलता कविता म्हणतो. एखादा शब्द घसरला तर अनुप्रास मोडतो, ऐकणारा लगेच टोकतो. ही शिस्त हार्ड डिस्कमध्ये कशी भरणार? पैसा पोरांना कविता पाठ करून घेणाऱ्यांना द्या.

जुनी_फीत
ओसरीताई, शिस्त खरीच, पण ती साखळी अखंड होती तोवरची. १९९१ मध्ये सरकार कोसळलं, माणसं नैरोबी, लंडन, मिनियापोलिसला पांगली. टोकायला शेजारी बसलेला जाणकारच नसेल तर? नामवंत कवी हदरावी २०२२ मध्ये गेले. बारेच्या राजवटीत पाच वर्षं तुरुंगात काढलेला माणूस. आता त्यांची म्हणण्याची ढब ऐकायची तर ध्वनिमुद्रणाशिवाय मार्ग नाही.

ओसरी
ढब ऐकून काय करणार, म्हणता आली पाहिजे ना! संग्रहालयात ठेवलेल्या तबल्याला शाई असते, हात नसतो.

कोष्टीण
तुमचं दोघांचं चालू द्या, पण कॅसेटवर कोण आहे हे कुणी विचारलंच नाही. मान मोठा तो 'गबय' या काव्यप्रकाराचा, आणि गबय पुरुषांचा. बायकांचा काव्यप्रकार 'बुरानबुर', ते लग्नघरात, टाळ्या आणि ढोलावर चालतं. ते टेप करायला किती जण गेले असतील? तसंच दक्षिणेतल्या माय बोलीचं. १९७२ नंतर जी प्रमाण सोमाली रूढ झाली तिचा पाया उत्तरेकडच्या बोलीचा, माय बाजूलाच पडली. आहे तेवढंच डिजिटल केलंत तर उद्या तेवढंच 'सोमाली साहित्य' ठरेल. मी तर म्हणेन, अर्धा पैसा माय बोलणाऱ्या बैदोआ शहराला पाठवा आणि नवी ध्वनिमुद्रणं करा.

टपरीवाला
जत्रेला उगाच झोडपू नका हो. हरगेसाची पुस्तकजत्रा २००८ पासून भरते, आणि कॅसेट जमवणारी मंडळीही तीच. तरुण कवीला समोर श्रोते मिळतात ते तिथे. जत्रा बंद करून वाचलेला पैसा आपोआप टेपकडे वळेल, हे कुणी सांगितलं? देणगीदार मांडव बघून येतात.

जुनी_फीत
टपरीवाले, देणगीदारांचं पटलं. कोष्टीणताईंचं बैदोआही मान्य, ते माझ्या डोक्यात नव्हतं. पण अर्धा पैसा नाही, तिसरा हिस्सा. बुरानबुर म्हणणाऱ्या बायका पुढच्या वर्षीही लग्नात म्हणतील, चिकटलेली फीत तोवर थांबणार नाही.

कोष्टीण
म्हणजे बायकांनी पुन्हा रांगेत मागेच उभं राहायचं. छान.