आक्रोश, आकांत की तडफड?

पंचवटीकर : हेंड्रिक गोल्टझियस या डच कलावंताच्या १५८८ च्या मुद्राचित्रावर (तांब्याचा पत्रा कोरून त्यावरून कागदावर छापलेलं चित्र) मुलांसाठी मराठीत टिपण लिहिते आहे. ड्रॅगन कॅडमस या वीराच्या साथीदारांना खातो, हा ग्रीक कथेतला प्रसंग. त्यातल्या भावनेला आक्रोश म्हणावं, आकांत की तडफड? आणि ड्रॅगनला दुष्टपणाचं प्रतीक म्हटलं तर चालेल का?

भांडीबाजार : ताई, आक्रोश नको. आक्रोशाला आवाज लागतो. इथे एका साथीदाराचा चेहराच ड्रॅगनच्या जबड्यात आहे, ओरडणार कुठून? चेहरा वाचायला मिळत नाही म्हणून नजर खाली अंगाकडे जाते. एकमेकांवर कोसळलेली दोन उघडी शरीरं, पीळ पडलेले स्नायू. सगळा भाव तिथे आहे. नुसतं 'आकांत' लिहिलं तर रडारड वाटेल. 'जिवाचा आकांत' लिहा, त्यात सगळं अंग येतं. तडफड मला कमी वाटते, ती शेवटच्या आचक्यांची.

आणि रेघ जवळून बघा. स्नायूच्या फुगीर भागावर ती जाड होते, कडेला केसासारखी निमुळती. आपल्या भांडीबाजारात भांड्यावर नाव घालतात तशी ठोकून काढलेली नाही ती. टोकदार पोलादी हत्यार तळहाताने रेटत तांब्याचा पत्रा कोरतात आणि वळणावर पत्राच फिरवतात. दाब वाढला की रेघ फुगते. हा ताण मुलांना नक्की दाखवा.

गंगाघाट : रस विचाराल तर भयानक आणि बीभत्स दोन्ही. पुढे पडलेलं तुटकं मुंडकं आणि हाडं बघून किळस येते, म्हणजे जुगुप्सा, बीभत्साचा स्थायीभाव, त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना. वीररस मात्र पार मागे, लहानसा : तिथे कॅडमस ड्रॅगनशी झुंजतो आहे.

'दुष्ट' मला अजिबात पटत नाही. ड्रॅगन हा मार्स या युद्धदेवाच्या झऱ्यावरचा पहारेकरी. साथीदार तिथे पाणी आणायला गेले होते. धनावर बसलेल्या नागाला आपण राखणदार म्हणतो, तोच शब्द इथे चपखल बसतो. शिवाय 'दुष्ट' म्हटलं की पुढची गोष्ट जुळत नाही. कॅडमस त्याला मारून त्याचेच दात जमिनीत पेरतो, त्यातून हत्यारबंद योद्धे उगवतात, आपसांत लढून मरतात आणि उरलेल्या पाच जणांना घेऊन तो थीब्ज नगरी वसवतो.